गुणवंतभाऊंचं अर्धं राहिलेलं व्याख्यान

गुणवंतभाऊंकडून भाजी आणायची असेल तर घरी वरण-भात आधी करून ठेवावा, असं मी अमरावतीत नव्यानं बदलून आलेल्यांना सांगत असे. भाजी घ्यायला पाच मिनिटं लागायची, पण परतीचा रस्ता इराणवरून होता. "पालक ताजा आहे का हो?" एवढंच विचारून एक प्राध्यापक अडकले होते. पालक मुळात इराणकडून आला, तिथून विषय इराणी बादशहावर गेला, बादशहावरून सिंधू नदीवर, आणि पाऊण तासानं प्राध्यापक सुटले तेव्हा त्यांच्या पिशवीत कोथिंबीर होती. पालक राहूनच गेला.

भाऊ भातकुलीचे. काळ्या जमिनीचा छोटा तुकडा, त्यात वांगी, मेथी, पालक, बांधाला झेंडू. रोज पहाटे टेम्पोनं माल घेऊन इतवारा बाजारात यायचे. बाजारात कोणी कोणाला नावानं हाक मारत नाही, गावानं मारतात. "ओ रिद्धपूर, मेथी कशी देली?" "ए नांदगाव, जराक सरक ना बाप्पा!" त्या हिशेबानं भाऊ म्हणजे 'भातकुली'. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते आडनावच वाटलं होतं, आणि वाचनालयाच्या सभासद अर्जावर मी ते आडनावाच्या रकान्यात लिहूनही टाकलं. भाऊंनी खोडलं नाही. "राहू द्या मॅडम, चालते," म्हणाले.

हो, ते आमच्या वाचनालयाचे सभासद होते, मी तिथली ग्रंथपाल. दर गुरुवारी बाजार उठला की पायजम्यावरची माती झटकत यायचे, चप्पल दाराबाहेर काढायचे आणि थेट इतिहासाच्या कपाटापुढे उभे राहायचे. बाहेरून परीक्षा देऊन त्यांनी इतिहासात बीए केलं होतं. पुस्तक परत यायचं तेव्हा त्यात खुणेसाठी मेथीचं पान असायचं. मी रागवायचे. पुढच्या गुरुवारी शेपूची काडी निघायची. आमच्या वाचनालयातली निम्मी इतिहासाची पुस्तकं अजून फोडणीच्या लायकीची आहेत.

पण सगळी पुस्तकं एकाच गोष्टीसाठी. भाऊंना एका शब्दाचं वेड होतं. तो शब्द म्हणजे 'हिंदू'. कुठून आला, कोणी दिला, कोणाला दिला, आणि घेणाऱ्यांनी कधी घेतला. त्यावर त्यांनी एक व्याख्यान तयार केलं होतं. जाड वहीत, निळ्या शाईनं. दीड तासाचं. आणि आयुष्यात त्यांची एकच इच्छा होती, ती ते लपवतही नसत: हे व्याख्यान एकदा, फक्त एकदा, चार लोकांपुढे शेवटापर्यंत व्हावं.

मी त्यांना ओळखायला लागले त्याच्या आधीपासून ते या खटपटीत होते, आणि पुढची चौदा वर्षं मी पाहत होते. व्याख्यान शेवटापर्यंत काही जात नव्हतं.

बाजारात तर ते अशक्यच. सुरुवात झकास व्हायची. एका हातात तराजू, दुसऱ्या हातात वांगं. "नदी होती, मॅडम. सिंधू. पलीकडचे लोक तिले आपल्या जिभेनं हिंदू म्हनत. मंग नदीच्या या अंगाच्या मुलखाले थेच नाव पडलं. मंग मुलखातल्या मानसायले. इराणच्या बादशहानं आपल्या मुलखायची यादी दगडावर खोदली, त्यातबी हाय. ग्रीकायनं उचललं, अरबायनं उचललं. कोनी इचारलं नाही का बाप्पा तुमचा देव कोनता. नदीच्या त्या अंगाचे ते, या अंगाचे हे. बस!" इथपर्यंत आलं की मागून कोणीतरी ओरडायचं, "भातकुली, वांगे कसे?" आणि इतिहास थांबायचा.

त्यांची एक पद्धत होती, ती मला फार आवडायची. ऐकीव माहिती ते भाजीसारखी निवडायचे. वहीच्या समासात तीनच शेरे: पक्कं, कच्चं, सडकं. मोबाइल आल्यापासून सडक्याचा ढीग वाढला होता. एक जण यायचा आणि छातीठोक सांगायचा, भाऊ, हा शब्द म्हणजे शिवी आहे, त्याचा अर्थ चोर. दुसरा यायचा आणि त्याहून छातीठोक सांगायचा, हा शुद्ध संस्कृत शब्द, जो हीन गोष्टी टाकून देतो तो हिंदू. भाऊ दोघांचंही पूर्ण ऐकून घ्यायचे, मग टोपलीतली दोन किडकी वांगी काढून दोघांपुढे ठेवायचे. "दोन्ही मागून चिकटवलेले अर्थ होत. नदी आधीची. एक वांगं वरूनच दिसते किडकं, दुसरं कापल्यावर." गिऱ्हाईक तोंड वाकडं करून निघून जायचं, पण मेथी घेऊन जायचं, कारण मेथीला तोड नव्हती.

आणि तुम्ही काही विचारलंत ज्याचं उत्तर त्यांना येत नव्हतं, तर ते लगेच म्हणायचे, "मालूम नाही." असं पटकन म्हणणारा माणूस मी आमच्या व्याख्यानमालेच्या मंचावर एकही पाहिला नाही.

व्याख्यानमालेचंच सांगते. आमचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त वकीलसाहेब, सज्जन पण घाबरट. मी भाऊंचं नाव सुचवलं की त्यांचा रक्तदाब वाढायचा. "अहो, बोलतील ते चांगलंच, पण विषय पाहा! हे चिडतील, नाहीतर ते चिडतील. दोघे चिडले तर खुर्च्या आपल्या आहेत." असं चार-पाच वर्षं चाललं. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. भाऊंनी जरूर बोलावं, मात्र विषय 'परसबागेतील भाजीपाला'.

भाऊ तयार झाले. इतक्या सहज तयार झाले तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

त्या दिवशी हॉल भरला होता. पुढच्या दोन रांगांत निवृत्त झालेल्या भगिनी वह्या-पेनं घेऊन बसल्या होत्या. भाऊंनी कुंडीत माती किती, शेणखत किती, हे दहा मिनिटं उत्तम सांगितलं. मग म्हणाले, "आता मिरची घ्या. ही आपली नोहे. समुद्रापल्याडून आली. पन आज तिच्याबगर वऱ्हाडातला ठेचा होते का? बाहेरून आली म्हनून ती परकी का?" वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मिरचीवरून भाऊ बटाट्यावर आले, बटाट्यावरून पालकावर, आणि पालक आला म्हणजे इराण आलाच. "तं असंच एका शब्दाचं झालं," असं ते म्हणाले आणि सिंधूच्या काठाला लागले. वकीलसाहेबांनी घंटेवर अशी थाप मारली की घंटा टेबलावरून खाली पडली आणि खाली पडूनही वाजत राहिली. आभार झाले. नंतर चहाच्या वेळी मी एका बाईंच्या वहीत डोकावले. 'कारले: मांडव आवश्यक. इराण: बादशहा. पाणी रोज सकाळी.'

भाऊ अजिबात नाराज नव्हते. "अरबायपर्यंत पोचतच होतो, मॅडम. पुढच्या टायमाले पोचीन."

त्यांचा दुसरा मोठा पराक्रम सेमाडोहचा. मुलानं हौसेनं सगळ्यांना मेळघाटात वाघ दाखवायला नेलं. जिप्सीत सात माणसं श्वास रोखून झुडपाकडे बघतायत, आणि आमचे भाऊ गाईडला विचारून राहिले, "तुमी डोंगरातले लोक आमा सपाटीवाल्यायले काय म्हनता?" गाईड तिथलाच, संकोचला, पण भाऊ सोडतात होय! शेवटी त्यानं एक शब्द सांगितला. तो फारसा कौतुकाचा नव्हता. भाऊ आनंदानं जिप्सीत उभेच राहिले. "पाहा! पाहा! नाव समोरचाच ठेवते! आपल्याले पत्ताबी नसते!" त्या आवाजानं झुडपात काहीतरी हललं आणि निघून गेलं. तो वाघ होता असं मुलगा आजही म्हणतो. भाऊंच्या वहीत मात्र त्या दिवसाची नोंद एवढीच: 'पक्कं.'

बाजारात त्यांच्या शेजारी रहीमचाचांची केळीची गाडी. दोघांचं तीस वर्षांचं शेजार, आणि तीस वर्षं रोज भांडण, कारण चाचांच्या गाडीची सावली भाऊंच्या मेथीवर पडायची नाही आणि भाऊंना ती पडायला हवी असायची. व्याख्यानाची सुरुवात जगात सगळ्यात जास्त वेळा कोणी ऐकली असेल तर चाचांनी. ते हजला जाऊन आले तेव्हा मी मुद्दाम गाडीपाशी भेटायला गेले. चाचा गंभीर चेहरा करून म्हणाले, "म्याडम, इत्ती दूर गया, अल्ला के घर गया, और वहाँ भी इसकाच भूत! दुकानवाला मेरेकू पुकारता, 'हिंदी, या हिंदी!' मैंने बोला, भाई, मेरा नाम रहीम है. तो हँसा और बोला, हाँ हाँ, हिंदी."

हिंदी, म्हणजे हिंदचा माणूस! भाऊंनी तराजू खाली ठेवला. डोळ्यांत पाणी येईल की काय असं मला वाटलं. "चाचा, हे तुमी मले फोनवर काहून नाही सांगतलं? थ्याच दिवशी?"

"हज पे था मैं! तेरी तहकीकात पे नहीं!"

पुढे दोन दिवस भाऊ त्यांना उलटसुलट विचारत होते. दुकानदार कोण, कुठचा, नेमका कसा म्हणाला. चाचांनी कंटाळून गाडी दहा फूट पुढे नेली. भाऊंनी टोपल्या दहा फूट पुढे नेल्या.

मी एकदा विचारलं होतं, "भाऊ, सगळं तर आम्हाला पाठ झालं. नदी, इराण, ग्रीक, अरब. मग दक्षिणेतल्या राजांनी तो शब्द स्वतःच्या पदवीत लावून घेतला, तेही झालं. धर्माचं नाव म्हणून तो फार मागाहून पक्का झाला, तेही झालं. मग शेवटी काय आहे?"

भाऊंनी वही छातीशी धरली. "थे शेवटीच सांगाचं असते, मॅडम."

मग अकोल्याहून माझ्या मामेभावाचा, सुरेशचा फोन आला. माझं माहेर अकोल्याचं, तिथल्या एका वाचनालयाचा तो सचिव. त्यांच्या व्याख्यानमालेचे त्या संध्याकाळचे वक्ते ताप येऊन झोपले होते आणि सुरेशचा आवाज त्यांच्याहून आजारी येत होता. "ताई, कोणीही पाठव. फक्त दीड तास बोलता आलं पाहिजे."

दीड तास! मी रजेचा अर्ज टाकला आणि धावत इतवाऱ्यात गेले. भाऊंनी ऐकलं, उरलेला माल शेजारच्या रिद्धपूरच्या हवाली केला आणि होते तसेच निघाले. चाचाही निघाले. "तीस साल से शुरूवात सुन रहा हूँ," म्हणाले, "आखिर सुने बगैर मरना नहीं है." एसटीत भाऊंनी बडनेऱ्यापासून उजळणी सुरू केली, मूर्तिजापूर येईपर्यंत कंडक्टर तिकिटं विसरून त्यांच्या सीटपाशी उभा होता. मी त्यांना गप्प बसवलं. आवाज बसला असता तर मी कोणाच्या तोंडाकडे पाहणार होते?

हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. सुरेशनं विषय ऐकला आणि घंटा जवळ ओढून घेतली. आमच्या घराण्यातच भित्रेपणा आहे. भाऊ माइकपुढे उभे राहिले, पायजम्याला अजून माती, कानावर पेन. सुरुवात झाली. नदी झाली, बादशहा झाला, ग्रीक झाले. चाचांची हज झाली तेव्हा हॉल हसून लोटपोट झाला आणि चाचांनी उठून सलाम केला. अरब ओलांडले! मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना लोकांपुढे अरबांच्या पलीकडे गेलेलं पाहत होते. वहीची पानं भराभर उलटत होती.

आणि नको तेच झालं. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहिले. "हा शब्दच परक्यायनं आपल्याले हिणवासाठी देल्ला, हे सांगा ना आधी!" लगेच मागून दुसरे उठले. "परक्यायनं कायले देईन? शब्द आपला, संस्कृतचा! तुमाले काय मालूम?" दोघेही बोट दाखवून बोलायला लागले, दोघांच्या बाजूनं आणखी चार-चार जण. सुरेशचा हात घंटेवर गेला. मी त्याचा हात घट्ट धरून ठेवला. लहानपणी चिंचा चोरल्या तेव्हाही मी त्याचा हात असाच धरला होता, असं तो नंतर सगळ्यांना सांगत सुटला. पण मला कळत होतं, आता घंटा वाजली तर भाऊंचं व्याख्यान कायमचं अर्धं राहणार. असा हॉल पुन्हा मिळणार नव्हता.

भाऊंनी वहीत बोट ठेवलं आणि पुढच्या गृहस्थांना बाजारातल्या आवाजात विचारलं, "भाऊ, तुमी कुठचे?"

"मी? मूर्तिजापूर."

"आन तुमी?"

"बार्शीटाकळी."

"बसा बरं मूर्तिजापूर. बार्शीटाकळी, तुमीबी बसा. माल पूर्ण पाहू द्या, मंग भाव करू."

आधी एक जण हसला, मग सगळा हॉल. हसता हसता ते दोघेही बसले. भाऊंनी मात्र वही मिटली. शेवटाला वहीची गरज नव्हती.

"तुमाले एक सांगतो," ते म्हणाले. "आमच्या बाजारात मानसाले त्याच्या गावानं हाक मारते. माह्या बापाले चाळीस वर्षं भातकुली म्हनत. म्या शिकलेलो, मले राग ये. मानसाले नाव नाही का? बाजाराच्या गेटावर एक काळा फळा हाय. कोनी वारलं का त्यावर लिहते. मंग लिलाव थांबते, आन लोक मातीले जाते. बाप पहाटे वारला. बाजार भराच्या आधी म्या सोताच आलो, खडू घेतला आन फळ्यावर बापाचं पूर्न नाव लिहलं. चांगल्या अक्षरात. आडनावासकट. म्हनलं, आज तं नावानं जाईन. घरी आलो, सगळी तयारी झाली. दहा वाजले, अकरा वाजले. बाजारातून एक मानूस आला नाही. एकबी नाही. चाळीस वर्षं ज्यायच्यासंग उठला-बसला, त्यातलं कोनी नाही. म्या मनात बाजाराले शिव्या देऊन राह्यलो. मंग माय म्हने, काय लिहलं तू फळ्यावर? म्या सांगतलं. तं तिनं रडता रडता कपाळावर हात मारून घेतला. अरे पोट्ट्या, थे नाव तं म्याबी कधी तोंडातून काढलं नाही, थे बाजाराले काय मालूम! भातकुली लिही!"

लोक हसले आणि मध्येच थांबले.

"बाजारातल्या चहावाल्याकडे फोन होता. त्याले म्हनलं, फळा पूस आन लिही, भातकुली गेले. पाऊन तासात तीन टेम्पो भरून मानसं आली. लिलाव टाकून आली. अडते आले, हमाल आले, चाचा आले चपलीबगर. गावात उभं राहाले जागा नव्हती. आता तुमी मले सांगा. थे नाव बापानं मागतलं नव्हतं. समोरच्यानं ठेवलं होतं, त्याच्या सोईसाठी ठेवलं होतं. पन थ्या नावानं हाक गेली आन एवढी मानसं आली. तं मंग थे नाव कोनाचं? ठेवनाऱ्याचं का माह्या बापाचं? एवढ्यासाठी म्या हा शब्द हुडकत बसलो. उत्तर मले पक्कं मालूम नाही. झालं. एवढंच होतं."

मी सुरेशचा हात सोडला, त्यावर माझ्या बोटांचे वळ होते. चाचा डोळे पुसत मला म्हणत होते, "चप्पल का काय कू बताया इसने?" मला इतका आनंद झाला होता की मी उभी राहून एकटीच टाळ्या वाजवायला लागले, आणि मग सगळे वाजवायला लागले. एक तास बत्तीस मिनिटं. शेवटापर्यंत.

भाऊंना मी प्रत्यक्ष पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं. टाकलेली रजा मी वाढवली, अकोल्यालाच राहिले आणि पुढच्याच महिन्यात निवृत्त झाले. आता फोन असतात, आणि फोनवर ते दिसत नाहीत. म्हणून माझ्या डोळ्यांपुढे ते अजून तिथंच, त्या माइकपाशी उभे आहेत. सुरेशनं रीतीप्रमाणे विचारलं होतं, "कोणाला काही प्रश्न?" मूर्तिजापूरवाल्यांनी हात वर केला. सुरेश पुन्हा घंटेकडे सरकला.

"सर," ते उठून म्हणाले, "तुमच्या वडलांचं नाव काय होतं?"

चौदा वर्षं मी या माणसाकडून भाजी घेतली. त्याच्या बाजारातल्या नावाचं आडनाव करून टाकलं. शेकडो वेळा नदी ओलांडली. आणि हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. मला स्वतःची लाज वाटली.

दीड तास न थांबता बोललेल्या भाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुळशीराम," ते म्हणाले.

"ऐकू नाही आलं," मागून बार्शीटाकळीवाले म्हणाले. "माइकवर सांगा."

भाऊंनी माइक दोन्ही हातांनी जवळ ओढला.